कोरड्या मुलखातली ओल

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी मी आमच्या मागच्या खोलीला नवा रंग दिला. फिकट निळा, धुता येणारा, डबा चांगला महागातला. पलंगामागच्या कोपऱ्यात काळपट ठिपके उठले होते आणि त्यांच्याखाली गुडघाभर उंचीपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटत होते. रंगाऱ्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, दोन हात मारले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खोली नवी कोरी दिसत होती. भाऊबीजेच्या रात्री त्याच खोलीत माझा पाच वर्षांचा नातू झोपेतून उठून बसला. श्वास आत जात होता, बाहेर येताना शिट्टी वाजत होती आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

रात्री दीड वाजता आम्ही बारामती गाठली. नेब्युलायझर लावल्यावर तासाभरात पोरगा सैल झाला. डॉक्टरांनी फटाके विचारले, घरातली विडी-सिगारेट विचारली, आजी-आजोबांचा दमा विचारला आणि मग विचारले, "घरात कुठे ओल आहे का?" मी ताबडतोब म्हणालो, "नाही. आत्ताच तर रंग दिलाय."

मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. वालचंदनगरजवळचे हे घर निवृत्तीनंतर मी स्वतःच्या देखरेखीखाली बांधले. विटांची ट्रॉलीसुद्धा मोजून घेतली. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात चूक कोणाची हे शोधायला मला लांब जावे लागले नाही.

ओल शोधली ती सूनबाईने. घरात सगळे फटाक्यांना बोल लावत होते, कोणी नव्या रंगाच्या वासाला, माझी बायको फराळातल्या तेलाला. सूनबाई काही बोलली नाही. भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिने माझ्यासमोर ठेवली. आषाढापासून ती त्यावर खुणा करत होती. पोरगा मागच्या खोलीत झोपला त्या तारखेला गोल, रात्री खोकला तर फुली. फटाके दिवाळीत आले, फुल्या तर जुलैपासून होत्या आणि बहुतेक गोलांच्या आतच होत्या. दिवाळीनंतर ती त्याला घेऊन म्हसवडला माहेरी गेली. पंधरा दिवसांत तीन फुल्या, त्याही पहिल्या चार दिवसांत. परत आल्यावर चौथ्या रात्री पुन्हा फुली. "आबा, त्या खोलीत निजला का खोकतो बघा. हॉलमधी निजला का न्हाय," एवढेच ती म्हणाली. एका मुलाच्या नोंदींवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण मी कालव्याच्या पाण्याच्या नोंदी आयुष्यभर ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ हिच्याइतक्या काटेकोर नव्हत्या.

बुरशी म्हटले की कोकण डोळ्यांसमोर येते. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. इथल्या भिंतींना ओल का यावी? याचे उत्तर जमिनीत आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला, १८८० च्या दशकात त्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे वळले. बाजरीच्या रानात ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला, माळावर वालचंदनगर वसले. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रे आणि इस्रोच्या रॉकेटांचे भागही बनू लागले. सगळे या पाण्यावर. मीही त्याच पाण्यावर जगलो, तेव्हा त्याची निंदा मी करणार नाही. पण काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे पाणी मुरवले आणि निचरा केला नाही की खालची पाणपातळी चढते आणि क्षार घेऊन वर येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. म्हणजे कालवा सुरू होऊन तीसेक वर्षे होत नाहीत तोच रान मिठाळले होते. रानाचे सगळ्यांनी पाहिले. त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या घरांच्या भिंतींचे फारसे कोणी पाहिले नाही.

विटेला सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे जमिनीतले पाणी त्या छिद्रांतून वर चढते. साधारण विटेच्या भिंतीत हात-दोन हात सहज. ते पाणी एकटे चढत नाही, विरघळलेले क्षार घेऊन चढते. पृष्ठभागावर आले की पाणी उडून जाते, क्षार मागे राहून स्फटिक होतात आणि फुगून गिलावा फोडतात. याला आपल्याकडे लोणा म्हणतात. पांढरी पिठासारखी पूड, बोटाला लागली तर खारट. लोणा म्हणजे बुरशी नव्हे, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. क्षार फार असलेल्या पट्ट्यात बुरशी सहसा धरतच नाही. ती धरते त्याच्या वर किंवा बाजूला, जिथे भिंत गार आणि दमट आहे पण खारट नाही, आणि जिथे वारा फिरत नाही. आमच्याकडे हे स्वच्छ दिसत होते: खाली पांढरा पट्टा, वर पलंगाच्या पाठीमागे काळे ठिपके.

हे पाणी चढू नये म्हणून जोत्यावर ओलरोधक थर घालतात, त्याला आम्ही सरसकट डीपीसी म्हणतो. मी तो घातला होता, चांगला दोन इंच जाडीचा. पण चार वर्षांपूर्वी मुलाची गाडी लावायला मागचे अंगण भरून घेतले आणि पेव्हर ब्लॉक बसवले. भराव त्या थराच्या वर गेला. थर जागच्या जागी आहे, ओल त्याला बाहेरून वळसा घालून भिंतीत शिरते. शिवाय त्याच भिंतीलगत मोरीचे पाणी जाते. खात्यात असताना असल्या कामावर मी कंत्राटदाराला घरी पाठवले असते. त्यात २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी बारामती-इंदापुरात अवेळी मुसळधार पाऊस झाला, पिंपळी-लिमटेकजवळ डावा कालवा फुटला. जमिनीने त्या वर्षी ओल सोडलीच नाही.

आता रंगाबद्दल. माझ्या लहानपणी दिवाळीआधी घराला चुना मारायचे. कळीचा चुना पिपात विरवायचा, तो खदखदायचा, त्यात नीळ घालायची आणि केरसुणीच्या कुंच्याने भिंती पांढऱ्या करायच्या. आम्हाला तो सणाचा भाग वाटे. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू बाराच्या वर. त्यात बुरशी जगत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून काही काळाने तो सौम्य होतो, म्हणून दरवर्षी नवा हात लागतो. तो नेमका पावसाळा संपताना, बुरशीचा जोर असताना दिला जाई. आणखी एक गोष्ट, चुन्याचा थर वाफ अडवत नाही. भिंतीतली ओल त्यातून निघून जाते. आज आपण जो प्लास्टिक पेंट लावतो त्याने बरोबर उलटे होते. ओल आत कोंडते. रंगातले सेंद्रिय बंधक आणि त्यावर बसणारी धूळ हे बुरशीचे अन्न. खाली सिमेंटचा 'वॉटरप्रूफ' गिलावा केला तर ओल तिथून न निघता आणखी दोन फूट वर चढते. आणि काळ्या ठिपक्यांवर रंग मारणे म्हणजे दाढदुखीवर दात घासणे.

बुरशीला तीन गोष्टी लागतात: बीज, अन्न, पाणी. बीजाणू सगळीकडे असतात, या मासिकाच्या पानावरही असतील. एस. टी. टिळक यांनी मराठवाड्यात हवेतल्या बीजाणूंच्या अभ्यासाची परंपराच उभी केली. हवा शोषून बीजाणू टिपणारे एक यंत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. अन्न म्हणजे धूळ, कागद, लाकूड, चामडे, आणि त्याला तोटा नाही. उरले पाणी. भिंतीच्या लगतची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बहुतेक घरगुती बुरशींना तेवढे पुरते, भिंतीवरून पाणी ओघळावे लागत नाही. बंद खोलीत झोपलेला एक मोठा माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून पाव लिटर तरी पाणी हवेत सोडतो. आमच्या त्या खोलीत तिघे झोपत, डासांमुळे खिडकी बंद, आणि ओली भिंत आधीच गार. ऑक्टोबरच्या उत्तररात्री ती वाफ कुठे जाऊन बसणार?

बीजाणू साधारण दोन ते दहा मायक्रॉनचे. मधल्या आकाराचे दोनशे ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. मोठे नाकात-घशात अडकतात, बारीक खोल जातात. ज्यांची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजते त्यांच्या श्वासनलिकांना सूज येते, स्नायू आवळतात, चिकट स्राव भरतो. अशी ॲलर्जी नसलेल्यांनाही बुरशीच्या पेशीभिंतीतले घटक आणि तो कुबट वास देणारी रसायने चुरचुरतात. ओलसर खोलीत गादीतले धूळकिडेही वाढतात, ते वेगळेच.

मोठ्यांना न होणारे लहानांना का होते, यामागे एक साधी भूमिती आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. कालव्याच्या माणसाला हे नवे नाही. तान्ह्या मुलाची चार मिलिमीटर व्यासाची श्वासनलिका चहूबाजूंनी एक मिलिमीटर सुजली की दोन मिलिमीटर उरते, विरोध सोळा पट. मोठ्या माणसाची आठ मिलिमीटरची नळी तेवढीच सुजली तर सहा उरते, विरोध तिप्पट. आजोबा खाकरून कूस बदलतात, नातू उठून बसतो. त्यात मूल मिनिटाला आपल्यापेक्षा जास्त श्वास घेते, त्याची फुप्फुसे जन्मानंतरही कित्येक वर्षे बनत असतात, आणि ते खेळते-झोपते जमिनीलगत, जिथे भिंत सर्वांत ओली असते.

ओलसर घर आणि दमा यांचा संबंध काही नव्याने लागलेला नाही. १९२० च्या दशकात हॉलंडमधले स्टॉर्म व्हान लेउवेन दमट घरांतल्या बुरशींना दम्याचे एक कारण मानत होते. त्याच विचाराने लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातल्या जॉन फ्रीमन यांनी ला टूश नावाच्या बुरशीतज्ज्ञाला दमेकऱ्यांच्या घरांतून बुरशी गोळा करायला नेमले. त्याची खोली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेच्या एक मजला खाली होती. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्या बशीत जी बुरशी उडून पडली आणि जिच्यातून पेनिसिलिन निघाले, ती ला टूशच्या खोलीतूनच आली असावी असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे जगातले सर्वांत प्रसिद्ध औषध कदाचित एखाद्या दमेकऱ्याच्या ओल्या भिंतीवरून आले.

आमच्या भागात हा धडा शिकायला लंडनलाही जायला नको. साखर कारखान्याच्या माणसाला बगॅस ठाऊक असतो. ताजा बगॅस निरुपद्रवी. तो ढिगात पडून दमट झाला, तापला की त्यात उष्णताप्रिय सूक्ष्मजीव वाढतात (काटेकोर बोलायचे तर ते बुरशी नव्हेत, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू आहेत), आणि सुकल्यावर त्याची धूळ फुप्फुसात गेली की काही तासांत ताप, खोकला, धाप. अमेरिकेतल्या लुइझियानात याचे वर्णन १९४१ मध्ये झाले. भारतात गांगुली आणि पाल यांनी १९५५ मध्ये कोलकात्याजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातले रुग्ण नोंदले. नाव बगॅसोसिस. उपायही निघाला: बगॅसमधली आर्द्रता वीस टक्क्यांच्या वर ठेवायची म्हणजे धूळ उडत नाही, आणि दोन टक्के प्रोपिऑनिक आम्लाची फवारणी करायची. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदला गेला. कामगाराच्या फुप्फुसात सडका बगॅस गेला तर कायद्याला त्याचे नाव माहीत आहे. घरी त्याचे मूल ज्या भिंतीजवळ झोपते तिचे नाव कुठल्याच अनुसूचीत नाही.

पुराव्याबद्दल सावध राहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचे म्हणणे असे की ओलसर, बुरशी आलेल्या घरांत खोकला, घरघर, श्वसनसंसर्ग आणि दमा जास्त आढळतात, यासाठी पुरावा पुरेसा आहे. पण किती बीजाणू म्हणजे धोका, अशी रेषा त्यांनी आखली नाही. ओल काढा, एवढेच सांगितले. म्हणून हवेतले बीजाणू मोजून देणाऱ्यांवर पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. दुसरीकडे 'विषारी काळ्या बुरशी'ची भीतीही अवाजवी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला तेव्हा बोट एका काळ्या बुरशीकडे गेले. २००० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने पुन्हा तपासून संबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले. बुरशीचा रंग पाहून तिचा धोका ओळखता येत नाही.

पण एक मृत्यू निर्विवाद आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच, तो जन्मण्याआधी, घरमालक संस्थेकडे तक्रार केली होती. बुरशीवर रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले होते. हे वाचताना मी थांबलो. मला तर कोणी सांगितलेही नव्हते, मी आपणहून मारला. त्याच्या नावाचा कायदा सामाजिक घरांसाठी २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला: गंभीर ओलीची तक्रार आली की दहा कामाच्या दिवसांत तपासणी, आणि धोका आढळला तर त्यानंतरच्या पाच कामाच्या दिवसांत तो दूर करायचा. आमच्या भाऊबीजेला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

आमच्याकडे भिंत असणे हेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड-नगरकडच्या टोळ्या कारखान्यांच्या आसपास उतरत असतील. त्यांच्या कोप्या बांबूच्या, वर प्लास्टिकचा कागद. पहाटे त्या कागदाच्या आतल्या बाजूने दव गळते, आणि कोपीच्या तोंडाशी चूल. त्या पोरांच्या खोकल्यात धूर किती आणि ओल किती हे वेगळे काढणे कठीण आहे. पाचट जाळल्याचा धूर, डासांची कॉइल, उदबत्ती, साधी विषाणूजन्य सर्दी, हे सगळे खोकल्याचे वाटेकरी आहेत. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगाची तपासणी आधी हवी, भिंत नंतर. आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त पडत असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर कारणे शोधत न बसता दवाखाना गाठावा.

आम्ही काय केले ते सांगतो. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला. ओल कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला धरली, म्हणजे ती भिंतीतूनच येत होती. खोलीकडच्या बाजूला धरली असती तर ती हवेतली वाफ म्हणायची. मग भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक उखडले, भराव जोत्याच्या खाली नेला, खडीचा चर काढून त्याला बाहेर उतार दिला, मोरीचा पाइप लांबवला. पोराला म्हसवडला पाठवून, तोंडाला मास्क बांधून, भिंत भिजवत लोण्याच्या रेषेच्या वर हातभर गिलावा उतरवला. ब्लीच मारून भागले असते, असे रंगारी म्हणाला. मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी देतात, हे त्याला पटले नाही. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली. पाहुणे विचारत, घर पडतंय का.

चुन्याचा गिलावा करणारा माणूस मिळायला दोन महिने गेले. अखेर सांगोल्याकडचे एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी चुना आठ दिवस भिजत घातला. चुन्यात गुळाचे पाणी घालायची जुनी रीत त्यांना माहीत होती, पण गुळाचा भाव ऐकून ते हसले आणि विषय सोडून दिला.

डॉक्टरांनी पोराला स्पेसर लावून इनहेलर दिला आहे. माझ्या बायकोला 'पंप' म्हटले की धडकी भरते, एकदा लागला की सुटत नाही असे तिचे मत होते. इनहेलरमधले औषध थेट जागेवर जाते, म्हणून तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा फारच थोडे लागते, हे तिला तीनदा सांगावे लागले. या पावसाळ्यात मागच्या खोलीत कोणी झोपले नाही. दिनदर्शिकेवर जून ते सप्टेंबर सात फुल्या आहेत, गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबर एकतीस होत्या. यात औषधाचा वाटा किती आणि भिंतीचा किती, हे मला सांगता येणार नाही. पाऊसही यंदा वेगळा होता.

भिंतीवर ओलीची रेषा अजून आहे, पण वीतभर खाली आली आहे. मी दर अमावास्येला पेन्सिलीने खूण करून तारीख टाकतो. सूनबाई म्हणते, रेषा जोत्याला टेकल्याशिवाय पलंग तिथे न्यायचा नाही. खोलीला या दिवाळीत रंग नाही. चुना विरवून ठेवला आहे, नीळ आणायची आहे.